दामूआज्याची चांदीची बटणं

मुरबाड
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मैनाआत्यास,
अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आणि उरलेलं शेखरदादा तुला ओरडून सांगतो, म्हणजे सगळ्या आळीला कळतं. म्हणून पत्र. कानाचं यंत्र घे म्हणून मी थकले. तेही एक कानातलंच समज, सोनेरी कड लावून देईन. पण आजच्या गोष्टीला पत्रच बरं. वाचून झालं की चुलीत घाल.

आज्याचं कार्य उरकून आले, पण दुकानात मन लागत नाही. हे दुकान निघालं ते त्याच्यामुळे. म्हशाच्या यात्रेत त्याने मला पहिले झुमके घेतले तेव्हा मी दुसरीत होते. दुकानदाराने दाखवलेला ढीग बाजूला सारून तो म्हणाला होता की कानातलं आधी बोललं पाहिजे, बाई मागाहून. आता तेच गिऱ्हाइकांना ऐकवून मी कटलरी विकते. काल एका पोराने काळा गॉगल डोळ्यावर चढवला आणि मला एकदम लावणीच्या चिखलात उभा आजा दिसला. अख्ख्या किन्हवलीत गॉगल घालून लावणी करणारा तो एकटा. लोक हसले की म्हणायचा, बगळा चिखलात पांढराशुभ्र येतो, त्याला कोणी काही विचारतं का?

आता मूळ गोष्ट. तेराव्याला आपण त्याची पेटी उघडली. गॉगल होते, पितळी मुठीची काठी, रेशमी रुमाल, पट्टा, घड्याळ, अत्तराची कुपी, सगळं जागच्या जागी. साखळीची चांदीची बटणं तेवढी नव्हती. लग्नात, यात्रेत, मतदानालासुद्धा तो ती सदऱ्याला लावून जायचा. खालच्या बटणावर माझ्या दुधाच्या दाताची खूण आहे. ती अक्षूची, असं तो सगळ्यांदेखत म्हणायचा. मी विचारलं तशी तू पेटीचं झाकण लावलंस आणि चहाचं बघायला गेलीस. प्रियांकावहिनीने मान खाली घातली. आणि तिच्या पायात नवे पैंजण होते, आत्या. चांगले जाड. दादाची बायको म्हणून मी तिथे गप्प बसले. पण चांदी आटवली की तिची ओळख कशी पटणार?

तू चोवीस तास त्या घरात आहेस. जरा डोळा ठेव.

कान कमी झाले तरी भाचीवरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
अक्षदा


किन्हवली
२ डिसेंबर २०२४

चि. सौ. अक्षदा हिस,
मैनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू सांगितलंस तसं चुलीत घातलं, पण आदी दोनदा वाचलं. आमी सगळी बरी आहोत. भात झोडून झालं, पेंढा रचला. शेखर कंपनीत जातो येतो. बाबांची काठी कोपऱ्यात उभी आहे, मांजर येऊन तिलाच अंग घासते.

बटणांचं मला काय ठावं नाय. म्हातारा माणूस, कुठं ठेवली असतील, कुठं पडली असतील. तुला दुकानात चांदीच्या रंगाच्या बटणांची काय कमी हाय काय? जावईबापू म्हणत असतील, बायकोचं अर्धं दुकान तिच्याच अंगावर असतं.

प्रियांकावर डोळा ठेव लिहिलंस. ती दिवसभर माज्या डोळ्यापुढंच असते गो. शेवटच्या दिवसांत बाबांची आंघोळ, जेवण, कपडे सगळं तिनंच केलं. मी नुसती बसून राह्यले. गेलेल्या माणसाच्या पेटीत फार हात घालू नये. सोडून दे.

येताना मुरबाडचा तो पातळ पापड आण. आणि राग धरू नको, तेवढं एक ऐक.

तुजी
मैनाआत्या


मुरबाड
९ डिसेंबर २०२४

ती. मैनाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मीही दोनदा वाचलं. पैंजणांबद्दल त्यात एक अक्षर नाही. तुला ते दिसले नाहीत असं होणार नाही. माझ्या ओठाला जरा जास्त रंग लागला तरी तुला अंगणाच्या टोकावरून दिसतो.

कपडे तिनेच केले म्हणतेस. मग बटणंही तिच्याच हाताखालून गेली. पडली असतील म्हणतेस. रुमालाची घडी मोडली तर परत इस्त्री करणारा माणूस चांदीची बटणं पाडेल आणि घर डोक्यावर घेणार नाही? आत्या, तू कोणाला तरी झाकते आहेस. तुझं अक्षरसुद्धा या वेळी वाकडं आलंय.

काल दादाला फोन केला. पैंजण कुठून आले म्हणून विचारलं, तर त्यालाच ठाऊक नाही. नवऱ्याला ठाऊक नसलेले पैंजण! आता तोही विचारात पडला आहे. भांडण लावते असं तू म्हणशील. म्हण. आज्याची एकच वस्तू माझी होती आणि ती कोणाच्या तरी पायात वाजते आहे, हे मला झोपेतही सुटत नाही.

रविवारी येते. पापड आणते. पण या वेळी चहाचं निमित्त करून उठू नकोस.

आहे ती आपुलकी जप, मीही जपते.

तुझी
अक्षदा


किन्हवली
१७ डिसेंबर २०२४

चि. सौ. अक्षदा हिस,
आशीर्वाद.

तू रविवारी आलीस आणि गेलीस. पापड तसेच पडलेत. तू गेल्यावर काय झालं ते तुला कळायला पायजे म्हणून लिहिते.

ओट्यावर आळीतल्या बाया माज्याबरोबर तांदूळ निवडीत होत्या. त्यांच्यासमोर तू प्रियांकाला म्हणालीस की पैंजण काढून दाखव, आत आमच्या आज्याची चांदी हाय. तिनं खाली बसून दोन्ही पैंजण काढले, तुज्यापुढं ठेवले आणि आत गेली. तू ते हातात घेऊन उलटेपालटे करीत होतीस तोवर तिनं पिशवी भरली होती. तुजी गाडी सुटली आणि मागल्या दारानं ती नाक्यावर गेली. शेखर मोटारसायकलला टेकून उभा राह्यला. त्यानं अडवलं नाय. ती डोळखांबला माहेरी पोचली असं तिच्या भावानं कळवलंय. आता संध्याकाळी दिवा मीच लावते. शेखर जेवत नाय.

आता ऐक. बटणं मीच बाबांच्या अंगावर लावली होती, नेताना. सरणावर गेली. तुजा जीव तुटेल म्हणून बोलले नाय. झालं समाधान? आता तुज्या तोंडानं तिला बोलव.

मला यापरीस जास्त लिहवत नाय. घर मोडू देऊ नको.

मैनाआत्या


मुरबाड
१६ जानेवारी २०२५

ती. मैनाआत्यास,
नमस्कार.

महिनाभर लिहिलं नाही, कारण तू मला खोटं लिहिलंस. आज्याच्या अंगावर शेवटचं पांढरं कापड मी पांघरलं होतं. आत सदराच नव्हता. बटणं कशाला लावलीस, त्याच्या कातडीला? आधी काही ठाऊक नाही म्हणालीस, मग सरणावर गेली म्हणालीस. मला वाटायला लागलं की तूच ती कोणाला तरी दिलीस. महिनाभर हेच डोक्यात घेऊन मी बांगड्या मोजत बसले.

आता जे झालं ते वाच. म्हशाच्या यात्रेत यंदाही मी दुकान मांडलं होतं. कॉलेजच्या वयाच्या मुली झुमके बघत होत्या. त्यातली एक आरशात वाकली आणि तिच्या ओढणीखालून आज्याची बटणं बाहेर आली. साखळी तिने गळ्यात बांधली होती, काळ्या दोऱ्यात. मी तिचं मनगट धरलं. खालचं बटण उलटं करून बघितलं. माझ्या दाताची खूण होती.

कुठून आणली म्हणून विचारलं तर ती म्हणाली की आज्याने घातली. मी म्हटलं, कोणाच्या आज्याने? तर म्हणाली, माझ्याच म्हणा. नाव दिपाली, उंबरमाळीला वर वाडीत राहते, एवढं सांगितलं आणि हात सोडवून गर्दीत पळाली.

माझ्याच म्हणा याचा अर्थ काय, आत्या? आजा नटूनथटून, अत्तर लावून शहापूरच्या बाजाराला जायचा आणि दिवेलागणीला यायचा. आपण कौतुकाने बघायचो. तो नटायचा ते दुसऱ्या कोणासाठी होतं का? तिकडे त्याचं आणखी घर होतं का? तुला हे ठाऊक होतं आणि म्हणून तू गप्प होतीस का? हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण तू काही सांगितलंच नाहीस, मग मी दुसरं काय समजू?

मी उंबरमाळीला जाणार आहे.

अक्षदा


किन्हवली
२० जानेवारी २०२५

चि. अक्षदा हिस,

जाऊ नको. बाबांच्या पायाची आण घालते तुला. तू समजतेस तसलं काय नाय. माजे बाबा तसले नव्हते. पण तू जाऊ नको.

मैना


मुरबाड
२७ जानेवारी २०२५

ती. मैनाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी जाऊन आले.

आसनगावहून कसारा गाडीने उंबरमाळीला उतरले. फलाटावर एका म्हातारीला विचारलं, तिने डोंगराकडे हात केला. चढ चढताना सगळा वेळ मी मनात भांडण तयार करत होते. दिपालीने मला अंगणातूनच ओळखलं. मी तोंड उघडायच्या आत तिने बटणं गळ्यातून काढली आणि माझ्या हातात ठेवली. मग तिच्या आईने, सोमीबाईने, मला पाटावर बसवलं आणि सांगितलं. ते तुला ठाऊकच आहे. तरी मी लिहिणार, कारण आजवर आपल्यात ते कोणीच बोललं नाही.

गणपती होऊन गेले होते. दिपाली शहापूरहून कॉलेजातून परत येत होती. उंबरमाळीला उतरली तर फलाटावरच्या बाकावर तिला एक म्हातारा दिसला. गॉगल, रेशमी रुमाल, काठी, कडक सदरा, त्याला चांदीची बटणं. आधी तिला वाटलं कोणी मोठा साहेब आहे. मग तिचं लक्ष पायाकडे गेलं. चपला नव्हत्या. कुठे जायचं म्हणून तिने विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, अक्षू, आलं ना मुरबाड? चल, तुझं दुकान दाखव.

आत्या, मुरबाडला रेल्वे नाही. किन्हवलीहून सरळगावचा रस्ता धरला की मुरबाड, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? या रस्त्याचा एकेक फाटा त्याने बैलगाडीने तुडवलेला.

अंधार पडत होता म्हणून तिने त्याला हाताला धरून घरी आणलं. तो भात आणि सुक्या मासळीचं कालवण पोटभर जेवला. तिला अक्षूच म्हणत राहिला. मी अक्षू नाही असं तिने सांगून पाहिलं, तर त्याचा चेहरा पडला, म्हणून तिने हो म्हणायला सुरुवात केली. मग त्याने तिचा गळा बघितला आणि रागावला. दुकानदारीण आणि गळा मोकळा? असं म्हणून त्याने सदऱ्याची बटणं काढली आणि स्वतःच्या हाताने तिला बांधली.

सकाळी तिच्या वडिलांनी, धाकलूने, त्याच्या तोंडून किन्हवलीचं नाव काढलं आणि त्याला घेऊन ते आपल्या दारात आले. दादा त्या आठवड्यात कंपनीच्या कामाला पुण्याला होता. धाकलूने बटणं तुझ्यापुढे धरली. तू ती घेतली नाहीस. ठेव म्हणालीस, पण कोणाला सांगू नको, ते तुमच्याकडे आलेच नव्हते असं समज. आत्या, त्या माणसाला आजवर वाटतंय की वाडीतल्या माणसांचा हात लागला म्हणून ती वस्तू तुला नको झाली.

आणि सोमीबाईने आणखी एक सांगितलं. धाकलूला ओट्यावर बसवून चहा दिला तो घरातल्या सुनेने. म्हाताऱ्याचे पाय गरम पाण्याने धुतले तिनेच. धुताना रडत होती.

म्हणजे वहिनीला सगळं ठाऊक होतं. मी पैंजण काढायला लावले तेव्हाही.

बटणं मी परत दिपालीच्या गळ्यात घातली. उदार वगैरे झाले नाही, देताना हात जड झाला. पण त्याने अक्षूला दिली होती, आणि त्या दिवशी त्याच्याजवळ असलेली अक्षू ती होती. मी इथे क्लिपांना किमतीच्या चिठ्ठ्या लावत होते.

आता तू लिही. खरं लिही.

अक्षदा


किन्हवली
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अक्षदा हिस,
आशीर्वाद.

काय लिहू? बाबा विसरायला लागले होते. आदी नावं, मग वाटा, मग कधीकधी मला आई म्हणून हाक मारायचे. डॉक्टर म्हणाले, वयाचं हाय, जपा. पण ज्या माणसानं जल्मभर आरशात बघितल्याबिगर दाराबाहेर पाऊल टाकलं नाय, त्याला लोकांनी येडा म्हणावं, पोरांनी मागं लागावं, हे मला सोसवलं नसतं. तो गेल्यावर लोकांनी गॉगलवाला दामू म्हणून आठवावा, वाट चुकलेला म्हातारा म्हणून नाय. तुला पण सांगितलं नाय. तुज्या मनात तर तो सगळ्यात देखणा.

बटणं कुठं गेली सांगायचं तर कशी गेली ते सांगावं लागलं असतं. प्रियांकाकडून मी शपथ घेतली होती, बाबांच्या गळ्याची. तिनं ती पाळली. तू तिच्यावर आळ घेतलास तेव्हा तिनं माज्याकडं बघितलं. मी तांदळाकडं बघितलं.

उंबरमाळीचं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाय. शेखरला मी परवा सांगितलं. तो उठून गोठ्यात जाऊन बसला.

धाकलूच्या मनात तसं आलं हे मला ठावं नव्हतं गो. मी घाबरलेली होते, दार लावायची घाई होती. मी जाईन त्याच्या दारी, जिना चढवत नसला तरी डोंगर चढीन.

माज्यावर माया ठेव म्हणायला तोंड नाय. तरी ठेव.

मैनाआत्या


डोळखांब
१० फेब्रुवारी २०२५

सौ. अक्षदाताईंस,
प्रियांकाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

सप्रेम लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमचं माफीचं पत्र पोचलं. फोन आले तेव्हा मी उचलले नाहीत, तुमचा आवाज ऐकायचा नव्हता. कागद मात्र सवडीने वाचता येतो, आणि रागही सवडीने येतो.

पैंजण माझ्या आईच्या जुन्या तोड्यांचे केले आहेत. दिवाळीला तिने दिले. ह्यांना सांगायचं राहिलं, कारण पाठोपाठ आजोबांचं झालं. कार्याच्या दिवशी आईने घाल म्हणून आग्रह केला. एवढंच आहे.

तुम्ही लिहिलंत की मी एका शब्दात सुटले असते. सुटले असते. पण तो शब्द आजोबांवर पडला असता. मी सासरी आले तेव्हा त्या घरात माझ्या साडीचा रंग बघून चांगला म्हणणारे ते एकटे होते. शेवटी ते माझं नाव विसरले होते, मला पोरी म्हणायचे. तरी सकाळी सदरा घालून झाला की माझ्याकडून पसंती घ्यायचे. मी मान हलवली की मगच उठायचे. अशा माणसाबद्दल मी ओट्यावर काय बोलणार होते?

माझा राग तुमच्यावर कमी आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं. आत्यांना ठाऊक होतं. आणि ह्यांनी नुसतं बघितलं.

मी येईन. येत्या रविवारी, ह्यांनी स्वतः इथे येऊन माझ्या आईवडिलांसमोर मला न्यायचं. तुम्ही आधी येऊन थांबायचं. ज्या बायका त्या दिवशी ओट्यावर होत्या त्या सगळ्यांना बोलवायचं. त्यांच्यासमोर तुम्ही बोलायचं आणि आत्यांनीही बोलायचं, खरं ते. मी चहा करीन. बोलणार नाही.

हे जमत असेल तर लोभ राहील. नसेल तर इथली नाचणी मला पुरते.

आपली
प्रियांका


किन्हवली
१९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अक्षदा हिस,
मैनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तू रविवारी सरळगावची गाडी पकडायला निघालीस, त्यानंतरचं सांगते. तू बोललीस ते सरळ बोललीस, रडलीस पण नाय, मला बरं वाटलं. मी बोलले तेव्हा माजा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून बहुतेक मी ओरडलेच. बाबांना काय झालं होतं ते सगळं सांगितलं. उंबरमाळीचं सांगितलं. प्रियांकाची शपथ सांगितली. मग तू गेलीस आणि मी मान खाली घालून बसले, म्हटलं आता या बाया तोंडाला पदर लावून उठतील.

कोण उठलं नाय. भगीरथची आई म्हणाली की मैना, आमाला ठावं होतं. मागल्या उन्हाळ्यात बाबा एका दुपारी तिच्या घरात शिरले, आपलंच घर समजून, आणि आंघोळीला पाणी मागितलं. तिनं पाणी तापवून दिलं, पाठीला साबण लावायला नवऱ्याला बसवलं, आणि मग नवरा त्यांना आपल्या कोपऱ्यापर्यंत सोडून मागं फिरला, मला दिसू नये म्हणून. पूजा म्हणाली की बाबांनी त्यांच्या वासराच्या गळ्यात रेशमी रुमाल बांधला होता. तिनं तो धुतला, इस्त्री केला आणि आमच्या दोरीवर आणून टाकला. बुधूनं एकदा बाबांना जीपमधून आणलं होतं, आठवतं? मी त्याला रागावले होते की म्हाताऱ्याला कशाला फिरवतोस. बाबा हमरस्त्याच्या मधोमध उभे होते गो. बुधूनं माजा राग मुकाट ऐकून घेतला. त्याच्या बायकोनं त्या दिवशी सांगितलं.

सगळ्या आळीला ठावं होतं. सगळी माज्यापासून लपवीत होती, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी दार लावून बसले होते, त्यांच्यापासून लपवीत. मग त्या पूजानं, बाबा वासराला कसे म्हणाले की आता दिसतोस माणसात, ते करून दाखवलं आणि सगळ्या बाया हसल्या. मी पण हसले. हसताना डोळ्याला पाणी लागलं ते पुसलं नाय.

प्रियांका दारात किटली घेऊन उभी होती. सगळ्यांना चहा दिला. मला पण दिला, पण हातात नाय, बाजूला ठेवला.

शेखर तिच्याशी बोलतो, ती हो नाय करते. त्यांचं त्यांना बघू दे, आपण दोघींनी मधे पडायचं नाय. मी पुढल्या आठवड्यात धाकलूकडं जाते. तू येशील तर बरं, चढावर धरायला.

माज्याशी ती तीन दिवस एक शब्द बोलली नाय. मी पण विचारलं नाय, माजा तो हक्क गेला. आज सकाळी मी चुलीपाशी बसले होते. ती पीठ घेऊन आली, परातीत पाणी घातलं आणि माज्याकडं न बघता विचारलं की आत्या, भाकऱ्या तांदळाच्या थापू का नाचणीच्या. मला पयल्यांदा ऐकूच आलं नाय. तिनं जवळ येऊन कानाशी परत विचारलं.

मी म्हटलं, तुला आवडतील त्या.

तुज्या पत्राची वाट बघते. येऊ दे लवकर.

तुजी
मैनाआत्या